नकाशा अडकतो, टोकन उड्या मारतं: ब्राउझरवरच्या टेबलटॉप खेळातला लॅग कसा पकडायचा

ठाणे-नवी मुंबईतले डी अँड डीचे (डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) ग्रुप हल्ली जास्त करून ऑनलाइनच भेटतात. एक जण घोडबंदर रोडला, दुसरा खारघरला, तिसरी डोंबिवलीला. रविवारी संध्याकाळी पाच जणांना एका टेबलाभोवती आणायचं तर मेगाब्लॉक बघा, ट्रॅफिक बघा, कुणाच्या घरी पाहुणे आहेत ते बघा. त्यापेक्षा फाउंड्री, रोल-ट्वेंटी नाहीतर आउलबेअर रोडिओ असं ब्राउझरमधलं टेबल उघडलं की काम झालं. लढाई ऐन रंगात येते, डीएम (खेळ चालवणारा) पुढच्या दालनाचं दार उघडतो आणि कुणीतरी म्हणतं, "अरे थांबा, माझं अडकलंय." मग राउटर बंद-चालू कर, टॅब मिटून उघड, तुझं नेटच भंगार आहे, यात चांगला वेळ जातो आणि ड्रॅगन बिचारा ताटकळतो.

यातला नेटवरचा आरोप बऱ्याचदा खोटा असतो. स्क्रीनवर दिसणारा नकाशा म्हणजे कुठून तरी येणारा व्हिडिओ नव्हे. चित्रं एकदा उतरली की पुढची प्रत्येक फ्रेम तुमचाच लॅपटॉप रंगवतो. ब्राउझर हे काम वेबजीएलमार्फत ग्राफिक्स चिपकडून, म्हणजे जीपीयूकडून करून घेतो. नेटवरून येतो तो 'अमुक टोकन (पात्राची सोंगटी) इथून तिथे गेलं' एवढाच निरोप, आणि तो काही बाइटांचा असतो. त्यामुळे स्पीड टेस्टमध्ये ३०० एमबीपीएस दिसत असतानाही नकाशा रखडू शकतो.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, काही डीएम मंडळींना ती झोंबेल. खेळाडूंचे लॅपटॉप जितक्या वेळा दोषी निघतात, त्याहून जास्त वेळा डीएमने चढवलेला नकाशा दोषी निघतो. कुणाला 'नवीन लॅपटॉप घे' म्हणण्याआधी खालच्या चाचण्या करून घ्या.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. सगळ्यांना हात वर करायला लावा, म्हणजे कुणी काही हलवायचं नाही. आता ज्याला त्रास होतोय त्याने एकट्याने नकाशा इकडून तिकडे सरकवायचा, थोडा झूम करायचा. नकाशा सरकवणं हे पूर्णपणे तुमच्या मशीनचं काम आहे, त्यात सर्व्हरला काही विचारावं लागत नाही. तिथेच झटके बसत असतील तर दोष ग्राफिक्सचा किंवा प्रोसेसरचा. नकाशा लोण्यासारखा सरकतोय, पण दुसऱ्याचं टोकन उशिरा हलतं किंवा फाशांचा आकडा चॅटमध्ये उशिरा उमटतो, तर दोष नेटचा किंवा सर्व्हरचा. सीन (एक नकाशा आणि त्यावरचं सगळं) उघडायलाच वेळ लागतो आणि नंतर सगळं सुरळीत चालतं, तर फायली जड आहेत किंवा होस्टचा (ज्याच्या मशीनवरून खेळ चालतो त्याचा) अपलोड कमी पडतोय.

दुसरी चाचणी डीएमने करायची. एक कोरा सीन बनवा: चित्र नाही, भिंती नाहीत, दिवे नाहीत, एक साधं टोकन. सगळ्यांना तिथे घेऊन जा आणि पुन्हा सरकवायला सांगा. तिथे सगळ्यांचं नीट चाललं तर मशीन निर्दोष, तुमचा सीन जड. कोऱ्या सीनमध्येही एखाद्याचं अडकलं, तर त्याच्याच मशीनमध्ये किंवा ब्राउझरमध्ये काहीतरी आहे. ही चाचणी क्वचितच कुणी करतं, पण निम्मे वाद तिथेच मिटतात.

तिसरी: ब्राउझरची खिडकी लहान करून पडद्याच्या पाव भागाएवढी करा. लगेच फरक पडला तर जीपीयूला पिक्सेलची संख्या झेपत नाहीये. काहीच फरक पडला नाही तर भिंती-दिव्यांचा हिशेब, मॉड्यूल (खेळात घातलेल्या जादा सोयी) किंवा एक्स्टेंशन (ब्राउझरमध्ये घातलेल्या) यांच्याकडे वळा.

डोळ्यांवर विसंबायचं नसेल तर फ्रेम मोजता येतात. क्रोममध्ये एफ-१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा आणि 'एफपीएस' टाइप करा. फ्रेम दाखवणाऱ्या मीटरचा पर्याय येतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ३० फ्रेमला ३३ मिलिसेकंद. टेबलटॉप खेळाला ३० अगदी पुरेशा आहेत, हा काही नेमबाजीचा खेळ नाही. १५ च्या खाली गेलं की मात्र चिडचिड सुरू होते.

ब्राउझर जीपीयू वापरतोय का?

कोऱ्या सीनमध्येही अडकत असेल तर सगळ्यात आधी हेच बघायचं. क्रोमच्या ॲड्रेस बारमध्ये 'क्रोम', कोलन, दोन स्लॅश आणि 'जीपीयू' असं इंग्रजीत सलग टाइप करून एंटर मारा. एज आणि ब्रेव्हलाही हे पान असतं. वरच 'ग्राफिक्स फीचर स्टेटस' नावाची यादी दिसेल. त्यात वेबजीएलच्या ओळीपुढे हिरव्या अक्षरांत 'हार्डवेअर ॲक्सिलरेटेड' असेल तर ठीक. 'सॉफ्टवेअर ओन्ली' किंवा 'डिसेबल्ड' असेल तर चोर सापडला. म्हणजे जीपीयू बाजूला निवांत बसलाय आणि प्रत्येक पिक्सेल प्रोसेसर रंगवतोय. त्याच पानावर खाली 'जीएल रेंडरर' अशी ओळ असते. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाचं नाव दिसलं पाहिजे. 'स्विफ्टशेडर' किंवा 'मायक्रोसॉफ्ट बेसिक रेंडर ड्रायव्हर' दिसलं तर गडबड आहे.

फायरफॉक्समध्ये 'अबाउट', कोलन, 'सपोर्ट' टाइप करा आणि ग्राफिक्सच्या भागात 'कंपोझिटिंग' शोधा. नुसतं 'वेबरेंडर' म्हणजे बरं, त्यापुढे 'सॉफ्टवेअर' लिहिलेलं असलं तर वरचाच घोटाळा.

उपाय याच क्रमाने करा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम' उघडा, 'यूज ग्राफिक्स ॲक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' हे बटण चालू करा आणि ब्राउझर रीलाँच करा. कधीतरी व्हिडिओ काळा दिसतोय म्हणून यूट्यूबवरचा कुठला तरी सल्ला ऐकून हे बटण बंद केलेलं असतं आणि नंतर ते कुणाच्या लक्षात राहत नाही. फायरफॉक्समध्ये 'जनरल' पानावर खाली 'परफॉर्मन्स' आहे. तिथली 'रेकमेंडेड' सेटिंगची खूण काढली की हार्डवेअर ॲक्सिलरेशनचा पर्याय दिसतो.

बटण चालू असूनही पान 'सॉफ्टवेअर' म्हणत असेल तर ड्रायव्हर बघा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून 'डिस्प्ले ॲडॅप्टर्स' खाली काय नाव आहे ते वाचा. 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर' असेल तर ड्रायव्हर बसलेलाच नाही; फॉरमॅट मारून परत आलेल्या लॅपटॉपमध्ये हे हमखास दिसतं. ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून फुकट मिळणाऱ्या ॲपच्या नादाला लागू नका.

नवीन ड्रायव्हर घालूनही ब्राउझर ऐकत नसेल तर शक्यता अशी की ती चिप ब्राउझरच्या ब्लॉकलिस्टवर आहे. क्रोमच्या 'फ्लॅग्ज' पानावर 'ओव्हरराइड सॉफ्टवेअर रेंडरिंग लिस्ट' नावाचा पर्याय त्यासाठी असतो. पण ती यादी उगाच बनवलेली नसते. पडदा लुकलुकायला किंवा ब्राउझर बंद पडायला लागला तर निमूटपणे पूर्ववत करा. विंडोज ७ किंवा ८.१ वर अजून कुणी असेल तर त्याच्यासाठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, २०२३ च्या सुरुवातीची. तिथे खटपट करण्यात राम नाही.

ऑफिसच्या लॅपटॉपबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ऐरोली-महापे पट्ट्यात काम करणारी निम्मी मंडळी त्याच लॅपटॉपवर खेळतात. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसत असेल तर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन आयटी विभागाने पॉलिसीने बंद केलेलं असू शकतं, आणि मग ते बटण तुम्हाला हलवताच येत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये उघडलेल्या ब्राउझरची तर गोष्टच सोडा, तिथे नकाशा रखडणारच. यावर जुगाड शोधू नका. नोकरी ड्रॅगनपेक्षा महाग आहे. घरातला जुना पण स्वतःचा लॅपटॉप वापरा.

दोन ग्राफिक्स चिप, आणि काम करणारी चुकीची

आमच्या ग्रुपमधल्या एकीने सानपाड्याला नवाकोरा गेमिंग लॅपटॉप घेतला आणि तरीही तिचाच नकाशा सगळ्यात जास्त अडकायचा. जुन्या आय-फाइव्हवाला मात्र मजेत खेळत होता. कारण असं की अशा लॅपटॉपमध्ये दोन जीपीयू असतात: प्रोसेसरमधला छोटा, वीज वाचवणारा, आणि वेगळा बसवलेला मोठा. विंडोज ब्राउझरला 'साधं ॲप' समजून छोट्याकडे पाठवतं. त्यात तिने ४-के मॉनिटर जोडलेला. फुल एचडी पडदा म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, ४-के म्हणजे ८२.९ लाख, बरोबर चौपट. तो सगळा भार छोट्या चिपवर.

यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टीम', मग 'डिस्प्ले', मग 'ग्राफिक्स' उघडा. यादीत ब्राउझर निवडा (नसेल तर ॲड करा), 'ऑप्शन्स' मध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडा आणि ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. मग पुन्हा क्रोमच्या जीपीयू पानावर जाऊन रेंडररच्या ओळीत मोठ्या चिपचं नाव आलं का ते बघायचं. तेवढं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ४-के पडदा असेल तर खेळाच्या वेळेपुरतं रिझोल्यूशन फुल एचडीवर आणणं हाही चांगला उपाय आहे. फाउंड्रीत 'पिक्सेल रिझोल्यूशन स्केलिंग' बंद केलं तरी तोच परिणाम साधतो.

लाइट गेली की लॅग का येतो

पावसाळ्यात हे नेहमीचं आहे. लाइट जाते. इन्व्हर्टरवर पंखे, ट्यूब आणि राउटर जोडलेला असतो. लॅपटॉप ज्या सॉकेटला आहे ते मात्र इन्व्हर्टरवर नसतं. नेट तुटत नाही, कॉल चालू राहतो, त्यामुळे काही बदललंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पण लॅपटॉप गुपचूप बॅटरीवर गेलेला असतो आणि बॅटरीवर गेल्यावर बहुतेक लॅपटॉप प्रोसेसर आणि जीपीयूचा वेग कमी करतात. त्यावर क्रोमचा 'एनर्जी सेव्हर' लागतो. तो बॅटरी २० टक्क्यांवर आली की, किंवा तुम्ही तसं ठेवलं असेल तर चार्जर निघताक्षणी, फ्रेम कमी करायला लागतो. लगेच ग्रुपवर, "पावसात नेट गंडलं वाटतं."

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'परफॉर्मन्स' पानावर जाऊन एनर्जी सेव्हर बंद करता येतो. विंडोजच्या 'पॉवर' पानावर 'बेस्ट परफॉर्मन्स' निवडा. मॅकवर 'लो पॉवर मोड' बंद आहे ना ते पाहा. आणि एक लांब एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन इन्व्हर्टरच्या सॉकेटवरून लॅपटॉपचा चार्जर लावा, हे सगळ्यात उत्तम.

उष्णतेचंही असंच. मे महिन्यात ठाण्यात पंख्याखाली बसूनही घाम फुटतो, तिथे गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची काय कथा. चिप शंभर अंशांच्या आसपास पोचली की स्वतःचा वेग स्वतःच उतरवते. खूण अशी: पहिला अर्धा तास सगळं छान, मग हळूहळू अडकायला लागतं. पण हीच खूण ब्राउझरची मेमरी भरत गेल्याचीही असते. दोन्हीतला फरक असा ओळखायचा: पान रीलोड करा. रीलोडनंतर पुन्हा छान चालू लागलं तर मेमरी. तसंच रखडत राहिलं तर उष्णता. लॅपटॉप कडक पृष्ठभागावर ठेवा, मागची बाजू पुस्तकावर थोडी उचला, आणि वर्ष-दीड वर्षात एकदा फॅन साफ करून घ्या. घोडबंदरला वर्षानुवर्षं चाललेल्या बांधकामांची धूळ फॅनमध्ये कशी साचते ते एकदा उघडून बघाच, नमद्यासारखा थर निघतो.

आता डीएमची पाळी: नकाशाचं खरं वजन

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सावकाश.

नकाशाची फाइल १२ एमबीची आहे म्हणजे ती जीपीयूच्या मेमरीत १२ एमबीच जागा घेईल, असं नाही. जेपीईजी किंवा वेबपी हे दाबून बांधलेलं गाठोडं आहे. जीपीयूकडे जाताना ते सोडावंच लागतं. सुटल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, चित्र साधं असो वा नक्षीदार. हिशेब तोंडी करता येतो: रुंदी गुणिले उंची गुणिले ४.

समजा ५० बाय ४० चौकोनांचा किल्ला आहे. एका चौकोनाला १०० पिक्सेल धरले तर चित्र ५००० बाय ४०००, म्हणजे २ कोटी पिक्सेल, म्हणजे ८० एमबी. ठीक आहे, साध्या लॅपटॉपलाही झेपतं. आता हाच नकाशा नकाशा बनवायच्या सॉफ्टवेअरमधून 'हाय क्वालिटी' म्हणून चौकोनाला ३०० पिक्सेल ठेवून काढला, तर तो १५,००० बाय १२,००० होतो. १८ कोटी पिक्सेल. ७२० एमबी! नऊपट. ज्याच्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्याच्या त्याच ८ जीबीतून हे ७२० एमबी जातात. त्यातच विंडोज, त्यातच डिस्कॉर्ड, त्यातच पीडीएफमधलं नियमपुस्तक. त्याचं अडकणार नाही तर काय होईल?

आणि त्या ३०० पिक्सेलचा उपयोग कुणाला? फुल एचडी पडदा १९२० पिक्सेल रुंद असतो. चौकोनाला १०० पिक्सेल धरले तर एका वेळी आडवे १९ चौकोन दिसतात, लढाईला तेवढे भरपूर झाले. रोल-ट्वेंटीचा ग्रिड तर मुळात ७० पिक्सेलचा आहे, फाउंड्रीचा १०० चा. मी चौकोनाला १०० ते १४० च्या वर जात नाही.

शिवाय चित्राच्या बाजूलाही मर्यादा असते. हल्लीच्या बहुतेक डेस्कटॉप-लॅपटॉपना एका बाजूला १६,३८४ पिक्सेलपर्यंतचं चित्र चालतं, जुन्या चिपना आणि काही मोबाइलना ८१९२ किंवा ४०९६ च. मर्यादा ओलांडली की नकाशा काळा दिसतो, नाहीतर धूसर होऊन येतो. 'बाकी सगळ्यांना दिसतंय, मलाच काळं दिसतंय' असं कुणी म्हणालं तर पहिला संशय यावर घ्या. खेळता खेळता अचानक नकाशा गायब झाला आणि 'वेबजीएल कॉन्टेक्स्ट लॉस्ट' असा निरोप आला, तर जीपीयूची मेमरी संपली असण्याची शक्यता मोठी.

कृती अशी करा. मूळ नकाशा जिंपमध्ये किंवा इरफानव्ह्यूमध्ये उघडा. चौकोन मोजा, गुणिले १०० करा, त्या मापाला रीसाइज करा. मग वेबपीमध्ये साठवा, क्वालिटी ८० च्या आसपास. काही इन्स्टॉल करायचं नसेल तर गूगलच्या क्रोम टीमचं 'स्क्वूश' ब्राउझरमध्येच हे काम करून देतं. मात्र एक लक्षात ठेवा: वेबपी केल्याने डाउनलोड हलका होतो, जीपीयूवरचं ओझं कमी होत नाही. ओझं कमी होतं ते माप उतरवल्याने. खूप जणांची गाडी इथेच अडते: फाइल १२ वरून ३ एमबीवर आणतात आणि मग 'तरी अडकतंच' म्हणून कपाळाला हात लावतात.

टोकनांनाही हाच नियम. पडद्यावर १०० पिक्सेलच्या चौकोनात दिसणाऱ्या गॉब्लिनसाठी २००० बाय २००० चं चित्र म्हणजे १६ एमबी. एकच चित्र २५ गॉब्लिनांना लावलं तर ते मेमरीत एकदाच जातं, तिथे फार बिघडत नाही. पण २५ वेगवेगळे चेहरे असतील तर ४०० एमबी गेले. तेच ४०० बाय ४०० केले तर २५ मिळून १६ एमबी. नावाला फरक दिसत नाही.

हलणारे नकाशे, म्हणजे वाहत्या लाव्हाचे वेबएम व्हिडिओ, दिसायला झकास. पण ४-के व्हिडिओची एक सुटी फ्रेम ३३ एमबीची, आणि अशा सेकंदाला ३०. जुन्या लॅपटॉपमध्ये हा व्हिडिओ सोडवायचं कामही प्रोसेसरवर पडतं. ग्रुपमध्ये एक जरी अशक्त मशीन असेल तरी स्थिर चित्र वापरा आणि लाव्हाचं वर्णन तोंडाने करा. डीएमला तेवढं यायलाच हवं.

भिंती आणि दिवे

नकाशा हलका केला, खिडकी लहान केली, तरी अडकतंय. आणि विशेषतः टोकन ओढतानाच अडकतंय. मग डायनॅमिक लायटिंगकडे वळा. टोकन हललं की त्याला कुठवर दिसतं याचा हिशेब नव्याने होतो. प्रत्येक दिव्याचा प्रकाश कुठल्या भिंतीला अडतो तेही बघावं लागतं. दिवे आणि भिंती दोन्ही वाढले की काम भराभर चढत जातं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे गुहा. डीएम फ्रीहँडने गुहेची कड गिरवतो आणि एका वळणात शेकडो बारीक तुकडे तयार होतात. ते पुसून सरळ रेषांनी काढा. एका दगडी वळणाला आठ-दहा रेषा खूप झाल्या, खेळताना कुणालाही ते कळत नाही. खांबाला चौकोन पुरतो. ज्या भागात खेळाडू कधीच जाणार नाहीत तिथल्या भिंती काढून टाका. दिव्याची त्रिज्या गरजेपुरती ठेवा. मशालीने अख्खा किल्ला उजळायची गरज नसते. दिवसाच्या उघड्या मैदानातला सीन असेल तर फाउंड्रीत ग्लोबल इल्युमिनेशन (सगळीकडे सारखा उजेड) लावा आणि सुटे दिवे काढा. मोठ्या अंधारकोठडीचे मजल्याप्रमाणे वेगळे सीन करा.

लुकलुकणाऱ्या मशालींचं ॲनिमेशन कुणी काही हलवत नसतानाही जीपीयूला राबवतं. फाउंड्रीत ते प्रत्येक खेळाडूला स्वतःपुरतं बंद करता येतं: सेटिंग्जमध्ये 'लाइट सोर्स ॲनिमेशन' आणि 'व्हिजन ॲनिमेशन'. तिथेच 'परफॉर्मन्स मोड' लो किंवा मीडियमवर आणा, 'मॅक्सिमम फ्रेमरेट' ३० करा. ही सेटिंग त्या एकाच ब्राउझरपुरती असते, बाकीच्यांच्या दिसण्यावर परिणाम होत नाही. रोल-ट्वेंटीत 'एक्सप्लोरर मोड' (आधी पाहिलेला भाग दाखवत राहणारा) बंद करून बघा, आणि टोकन खाली ठेवल्यावरच प्रकाश बदलेल असा पर्याय पानाच्या सेटिंगमध्ये आहे, तो लावा.

एक्स्टेंशन, मॉड्यूल आणि न संपणारं चॅट

इन्कॉग्निटो खिडकीत खेळ उघडा. तिथे नीट चाललं तर एखादं एक्स्टेंशन नडतंय. माझा पहिला संशय नेहमी डार्क मोडच्या एक्स्टेंशनवर असतो; पानावरचे रंग ते सतत तपासत आणि बदलत बसतं. व्याकरण तपासणारं दुसरं. खेळासाठी ब्राउझरमध्ये वेगळं प्रोफाइलच करा, त्यात एकही एक्स्टेंशन नको. बोर्ड गेम अरेनासारख्या साइटवरचे खेळ साध्या एचटीएमएल-सीएसएसवर चालतात. तिथे अडकत असेल तर वेबजीएलच्या मागे न लागता हीच पायरी करा.

कुठला टॅब किती खातोय ते बघायला क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबा. क्रोमचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून जीपीयू मेमरीचा रकाना चालू करता येतो.

फाउंड्रीवाल्यांनी मॉड्यूलवर आवर घालावा. एक एक बंद करत बसू नका. अर्धी बंद करा, बघा. त्रास गेला तर दोषी त्या अर्ध्यात, नाहीतर उरलेल्यात. पुन्हा अर्धी. साठ मॉड्यूल असली तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. 'फाइंड द कल्प्रिट' नावाचं मॉड्यूल हेच काम करून देतं. थ्री-डी फाशांचं मॉड्यूल सगळ्यांना आवडतं, मलाही. पण अशक्त मशीनवर त्याच्या सेटिंगमध्ये सावल्या आणि दर्जा खाली आणा. वर्षभराचा चॅट लॉग एक्सपोर्ट करून साफ करा, जुने हँडआउट अर्काइव्ह करा.

कॅमेऱ्यांचं थोडक्यात: पाच जणांचा व्हिडिओ उलगडणं आणि स्वतःचा गुंडाळून पाठवणं यात प्रोसेसर चांगलाच गुंततो. लढाईच्या वेळी कॅमेरे बंद, आवाज चालू. शक्य असेल तर कॉल मोबाइलवर घ्या.

इतकं करूनही नेटच निघालं तर

पहिल्या चाचणीतच नकाशा गुळगुळीत सरकला होता आणि सीन उघडायलाच वेळ लागत होता, तर होस्टचा अपलोड तपासा. डीएम स्वतःच्या घरून फाउंड्री चालवतो तेव्हा प्रत्येक खेळाडूला नकाशा त्याच्याच लाइनवरून जातो. १० एमबीचा नकाशा पाच जणांना म्हणजे ५० एमबी. अपलोड १० एमबीपीएस असेल तर ४० सेकंद. पॅकवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला आकडा डाउनलोडचा असतो, केबलवाल्याला अपलोड किती ते वेगळं विचारा. सेशनच्या आधी सीन प्रीलोड करा, फाउंड्रीत सीनवर राइट क्लिक केलं की पर्याय येतो. वेबपीचा खरा फायदा इथे होतो. बरेच घरगुती कनेक्शन सीजीनॅटमागे (एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक) असतात, तिथे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरच्यांना थेट तुमच्या मशीनपर्यंत वाट देणं, चालत नाही. मग भाड्याचं होस्टिंग घेतलेलं बरं.

पैसे खर्च करायचेच असतील तर

नवीन लॅपटॉपचा विचार करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स' मध्ये 'मेमरी' वर क्लिक करा आणि 'स्लॉट्स यूज्ड' वाचा. '१ ऑफ २' असेल तर नशीब चांगलं आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये जीपीयू रॅममधूनच काम करतो. एकाच स्टिकवर त्याला अर्धाच रस्ता मिळतो. दुसरी स्टिक घातली की ड्युअल चॅनल चालू होतो आणि नकाशातला फरक डोळ्यांना दिसतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तर एका स्टिकवर चिपचं नाव नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दिसतं आणि दुसरी घातल्यावर 'आयरिस एक्सई' होतं. चिप तीच.

ठाणे स्टेशनजवळ किंवा वाशीत कुठलाही बरा रिपेअरवाला हे काम उभ्या उभ्या करून देतो. जाण्याआधी आपल्या लॅपटॉपला डीडीआर-४ लागते की डीडीआर-५ ते पाहून ठेवा, दोन्हीची खाच वेगळी असते. शक्यतो आधीच्याच क्षमतेची आणि वेगाची स्टिक घ्या. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तिथे हा मार्ग बंद. त्यांनी परफॉर्मन्स मोड लोवर ठेवून खेळावं आणि डीएमकडे चौकोनाला ७० पिक्सेलचा नकाशा मागावा.